दोन दट्ट्यांचा समतोल

एका सिलिंडरच्या मोटारसायकलीवर तुम्ही मागे बसला असाल, तर तिची थरथर तुम्हाला नक्कीच जाणवली असेल. ही थरथर का होते आणि ती कशी टाळता येते, हे एका जुन्या फ्रेंच मोटारसायकलीच्या आधारे पाहू. तिचे नाव 'टाइप एक्स'. 'ग्नोम ए रोन' या कंपनीने ती १९३५ साली बाजारात आणली. दूरच्या प्रवासासाठी, बहुधा साइडकार जोडून, ती वापरली जाई.

प्रथम थरथरीचे कारण पाहू. इंजिनातील दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकतो. समजा, इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या दोन्ही टोकांना क्षणभर थांबून उलटा वळतो. म्हणजे एका सेकंदात १०० वेळा त्याच्या संवेगाची दिशा बदलते! संवेग बदलण्यास बल लागते, हा न्यूटनचा दुसरा नियम. तेवढेच विरुद्ध बल इंजिनाच्या सांगाड्यावर पडते, हा तिसरा नियम. हे बल सतत दिशा बदलत असल्याने गाडी थरथरते.

टाइप एक्समध्ये दोन सिलिंडर होते. एक डावीकडे आडवा, दुसरा उजवीकडे आडवा. दोन्ही दट्टे एकाच वेळी बाहेर जात आणि एकाच वेळी आत येत. वस्तुमान सारखे, वेग सारखा, पण दिशा विरुद्ध. म्हणून त्यांच्या संवेगांची बेरीज नेहमी शून्य!

हे झोपाळ्यावर करून पाहा. पाय जमिनीवरून उचलून बसा व दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक धरा. दोन्ही हात झटकन पुढे न्या. झोपाळा मागे सरकेल. आता एक हात पुढे व दुसरा मागे न्या. झोपाळा जागचा हलत नाही, फक्त किंचित पिळला जातो. असे का? कारण दोन्ही हात एका रेषेत नाहीत. टाइप एक्सचे दट्टेही अगदी एका रेषेत नव्हते. एक जरा पुढे, एक जरा मागे. त्यामुळे लहानसे बलयुग्म शिल्लक राहतेच.

या रचनेचे आणखी दोन फायदे होते. दोन्ही सिलिंडर बाजूंना बाहेर आल्याने त्यांना भरपूर वारा लागे. शिवाय क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असल्याने साखळीऐवजी फिरत्या दांड्याने मागच्या चाकाला गती देणे सोपे झाले.

थरथर आणि उष्णता यांच्याशी या कंपनीचा सामना जुनाच होता. सेगँ बंधूंच्या 'ग्नोम' कंपनीचे पहिले गाजलेले विमान-इंजिन ५० अश्वशक्तीचे होते. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला जखडलेला असे आणि सातही सिलिंडर पंख्यासह गरगर फिरत! पुढे 'ल रोन' ही कंपनी तिच्यात आली. १९१८ साली महायुद्ध संपले आणि इंजिनांची मागणी एकदम ओसरली. इतके कामगार, इतकी यंत्रे; आता करायचे काय? कंपनीने ब्रिटिश 'ए.बी.सी.' मोटारसायकल बनवण्याचा परवाना घेतला. तिचेही सिलिंडर असेच आडवे होते. त्याच वाटेने पुढे टाइप एक्स आली.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेला आणि कारखान्यांना जर्मनांसाठी काम करावे लागले. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी कंपनीचा लिमोज येथील कारखाना उद्ध्वस्त केला. बाँब टाकण्यापूर्वी वैमानिक लेनर्ड चेशायर यांनी अगदी खालून तीन फेऱ्या मारल्या; रात्रपाळीच्या कामगारांना बाहेर पडता यावे म्हणून! १९४५ साली कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन 'स्नेक्मा' जन्मली. भारतीय वायुदलाने घेतलेल्या मिराज २००० विमानांची इंजिने या स्नेक्मानेच बनवली.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न:

१. टाइप एक्सच्या सिलिंडरचा व्यास ८० मिमी, तर दट्ट्याचा प्रवास ७२ मिमी होता. दोन्ही सिलिंडरचे मिळून घनफळ काढा. नंतरच्या लष्करी 'ए एक्स २' मध्ये हा प्रवास ८० मिमी केला. घनफळ किती घनसेंटिमीटरने वाढले?

२. अशी गाडी उभी असताना इंजिनाचा वेग एकदम वाढवला, तर ती किंचित एका बाजूला कलते. का बरे? क्रँकशाफ्टची दिशा आठवा आणि कोनीय संवेगाचा विचार करा.