पासष्ट दिवस आणि चोवीस डाव

प्रस्तावना

१६ एप्रिल १९६८ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन दीर्घ झुंजी संपल्या. मध्यरात्र उलटल्यावर ह्यूस्टन शहरात बेसबॉलचा एक विलक्षण लांबलेला सामना निकाली निघाला, तर मेम्फिस शहरात सफाई कामगारांचा पासष्ट दिवसांचा संप यशस्वी झाला. खेळातील विजय आणि कामगारांनी मिळवलेला विजय यांत कोणता फरक असतो, हे या दोन घटनांच्या आधारे आपण प्रस्तुत पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• मेम्फिसच्या संपाची कारणे सांगू शकाल;
• लेखी कराराचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• खेळ आणि सामाजिक संघर्ष यांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

मेम्फिस हे टेनेसी राज्यातील, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले शहर. १९६८ साली तेथे कचरा उचलण्याचे काम प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगार करीत असत. मजुरी इतकी तुटपुंजी होती, की दिवसभर राबूनही अनेकांना कुटुंबासाठी सरकारी अन्नसाहाय्य घ्यावे लागे. पावसामुळे काम थांबले, तर त्यांची मजुरी बुडे. गोऱ्या पर्यवेक्षकांना मात्र पूर्ण वेतन मिळे.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून बचाव करण्यासाठी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरागाडीच्या मागील भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून मरण पावले. त्यांच्या कुटुंबांना एक महिन्याचे वेतन आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर, एवढीच मदत मिळाली.

१२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. संघटनेला मान्यता, संघटनेची वर्गणी वेतनातून कापून देण्याची सोय, सुरक्षितता आणि वेतनवाढ या त्यांच्या मागण्या होत्या. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदेशीर ठरवून मान्यता नाकारली. कामगार रस्त्यावर उतरले. त्यांच्या गळ्यातील फलकांवर एकच वाक्य होते : ‘मी माणूस आहे.’ प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषालाही ‘पोरा’ म्हणून हाक मारण्याची तेथील गोऱ्यांची जुनी रीत होती. त्या रीतीला दिलेले हे उत्तर होते.

कामगारांच्या पाठिंब्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले. गांधीजींच्या अहिंसक मार्गाचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. १९५९ सालच्या भारतभेटीत ते मुंबईच्या मणिभवनातही मुक्कामाला राहिले होते. ४ एप्रिल रोजी मेम्फिसमध्येच गोळी घालून त्यांची हत्या करण्यात आली. चारच दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी त्याच शहरात हजारोंच्या मूक मोर्चाचे नेतृत्व केले.

या हत्येचे पडसाद क्रीडांगणावरही उमटले. बेसबॉलचा नवा हंगाम तेव्हा सुरू व्हायचा होता. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पहिला सामना ८ एप्रिलला ह्यूस्टन येथे होता. रॉबर्टो क्लेमेंटे आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी डॉ. किंग यांच्या अंत्यसंस्कारापूर्वी खेळण्यास नकार दिला. गोऱ्या सहकाऱ्यांनीही त्यांना साथ दिली. अंत्यसंस्कार ९ एप्रिलला झाले आणि हंगाम १० एप्रिलपासून सुरू झाला.

१५ एप्रिलच्या रात्री ह्यूस्टनच्या त्याच छताच्या क्रीडागारात, ॲस्ट्रोडोममध्ये, ह्यूस्टन ॲस्ट्रोज आणि न्यू यॉर्क मेट्स हे संघ समोरासमोर आले. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळले जातात. त्या रात्री तेवीस डाव संपले, तरी एकाही संघाला एकही धाव मिळाली नव्हती. चोविसाव्या डावात मेट्सचा क्षेत्ररक्षक अल वाइस याच्याकडून एक सरपटी चेंडू निसटला, नॉर्म मिलरने धाव पूर्ण केली आणि ॲस्ट्रोजचा १-० असा विजय झाला. तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता आणि सामना सहा तास सहा मिनिटे चालला होता.

त्याच दिवशी मेम्फिसमध्ये तडजोड झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मध्यस्थीसाठी पाठवलेल्या अधिकाऱ्यामार्फत वाटाघाटी झाल्या होत्या. नगर प्रशासनाने संघटनेला मान्यता दिली, वर्गणी कपातीची वाट मोकळी केली आणि बढतीत वर्णभेद न करण्याचे मान्य केले. तासाला १० सेंट वाढ १ मेपासून आणि आणखी ५ सेंट १ सप्टेंबरपासून देण्याचे ठरले. कामगारांनी सभा घेऊन कराराला संमती दिली.

पंधरा सेंट ही रक्कम लहानच होती. मात्र ज्यांच्याशी बोलणीच करायची नाहीत असे महापौरांनी ठरवले होते, त्यांच्या संघटनेशी नगर प्रशासनाला लेखी करार करावा लागला. फलकावरील वाक्याला मिळालेली ही पोच होती.

खेळाडू कितीही थकले, तरी सामन्याचा निकाल कधी ना कधी लागणारच, याची हमी नियम देतात. दोन्ही संघांना समान डाव मिळतात आणि पंच कोणाचाच नसतो. संपकऱ्यांना अशी कोणतीही हमी नव्हती. नियम ठरवणारा आणि निवाडा देणारा त्यांचा प्रतिपक्षच होता. त्यामुळे त्यांना आधी समोर बसण्याचा हक्क मिळवावा लागला. शिवाय सामना संपला की निकाल कायम राहतो. कराराचे तसे नसते. मेम्फिसच्या प्रशासनाने दिलेली वचने पाळावीत, म्हणून काही महिन्यांतच कामगारांना पुन्हा संपाचा इशारा द्यावा लागला. मिळालेला हक्क टिकवण्यासाठीही संघटित राहावे लागते, हे मेम्फिसच्या कामगारांनी अनुभवाने जाणले.

शब्दार्थ

तुटपुंजी – अपुरी; पडसाद – परिणाम, प्रतिध्वनी; मध्यस्थी – दोन पक्षांत समेट घडवण्याचा प्रयत्न; प्रतिपक्ष – विरुद्ध बाजू; पोच – मिळाल्याची कबुली.

पाठगत प्रश्न

१. संपकऱ्यांनी ‘मी माणूस आहे’ हेच वाक्य का निवडले असावे?
२. पायरेट्स संघाच्या खेळाडूंनी कोणता निर्णय घेतला? त्यातून त्यांची कोणती भावना व्यक्त होते?
३. ‘वेतनवाढीपेक्षा मान्यता मोठी होती.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? कारणे द्या.

उपक्रम

आपल्या परिसरातील सफाई कामगारांशी संवाद साधा. त्यांना सुरक्षेची कोणती साधने मिळतात, याविषयी दहा ओळी लिहा.