मित्रांच्या मते मी : एका प्रश्नाचा अभ्यास

एन.डी.ए.ची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. ती पार पडली की एस.एस.बी.चे पाच दिवस, आणि त्यालाही पुन्हा ९०० गुण. म्हणजे ज्या गणितासाठी आपण रात्रीच्या प्रेपमध्ये डोळे चोळत बसतो, ते एकूण १८०० पैकी ३०० गुणांचे आहे. उरलेल्यांपैकी ९०० गुण आपण माणूस म्हणून कसे आहोत यावर मिळतात. त्याचे प्रेप मात्र वेळापत्रकात कुठेच नाही.

एस.एस.बी.च्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या असतात. चित्र पाहून गोष्ट लिहायची. मग ६० शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येक शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचे. मग ६० प्रसंग, वेळ ३० मिनिटे. शेवटी येते स्ववर्णन. वेळ १५ मिनिटे, परिच्छेद पाच : आईवडिलांच्या मते मी, शिक्षकांच्या मते मी, मित्रांच्या मते मी, माझ्या मते मी, आणि मला कसे व्हायचे आहे.

यात तिसरा परिच्छेद सर्वांत अवघड आहे असे माझे मत झाले आहे. आईवडिलांचे मत दर रविवारी फोनवर न मागता मिळते. शिक्षकांचे मत प्रगतिपुस्तकात असते. स्वतःविषयीचे मत प्रत्येकाचे चांगलेच असते. पण मित्रांचे मत? ते आपल्याला कुणी सांगत नाही. चिडवतात ते वेगळे. त्यामुळे बहुतेक जण गाइडमधले वाक्य पाठ करतात : 'माझे मित्र मला प्रामाणिक, कष्टाळू आणि मदतीस तत्पर समजतात.' आमच्या डॉर्मिटरीत आजपर्यंत कुणी कुणाला 'मदतीस तत्पर' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून आम्ही दहावीच्या काही जणांनी दोन रविवार एक प्रयोग केला. प्रत्येकाने एका मित्राविषयी अर्धे पान लिहायचे. नियम तीन. पहिला, विशेषण वापरायचे नाही, घडलेली गोष्ट लिहायची. दुसरा, रूप, घर, गाव आणि भाषा यांवर विनोद नाही. तिसरा, त्याला पुढे काय व्हायचे आहे ते शेवटी लिहायचे, पण आपल्याला जे दिसले ते आधी. मूळ कागद हिंदीत आणि हरयाणवीत होते, मराठी मी केले आहे. खालच्या चौघांनी हे वाचून छापायला परवानगी दिली आहे. नावे मात्र कुणाचीच नाहीत.

पहिला माझ्या खाटेचा शेजारी. याला लढाऊ विमान चालवायचे आहे. हिंडनच्या हवाई तळावरून उडालेले विमान दिसायच्या आधी तो आवाजावरून सांगतो, सी-१७ की सी-१३० जे. जेवताना आवाज आला की घास हातातच राहतो आणि मान वर. या सत्रात त्याला चष्मा लागला. वायुसेनेत उड्डाण शाखेसाठी डोळ्यांची अट सर्वांत कडक असते हे त्याला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. त्याच्याविषयीच्या कागदावर दोनच ओळी होत्या : 'चष्मा लागल्यापासून त्याने विमानांविषयी बोलणे बंद केले. वर बघणे बंद केले नाही.' कागद वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग आम्ही ग्रंथालयात बसून नियम काढले. एन.डी.ए.तूनच वायुसेनेच्या ग्राउंड ड्यूटी शाखांमध्येही जाता येते. विमानांची देखभाल करणारे अभियंते लागतात, हवाई वाहतूक नियंत्रण करणारे लागतात, आणि प्रत्येक शाखेची डोळ्यांची अट वेगळी असते. आवाजावरून विमान ओळखणारा माणूस टॉवरमध्ये काही वाईट ठरणार नाही. त्याने सध्या 'बघू' एवढेच म्हटले आहे. पण परवा मेसमध्ये त्याने घास खाली ठेवून मोठ्याने सांगितले, "सी-१७!" हे चांगले लक्षण आहे.

दुसरा झज्जर जिल्ह्यातला. सगळ्यांना लेफ्टनंट व्हायचे असते, याला सुभेदार मेजर व्हायचे आहे. त्याचे आजोबा जाट रेजिमेंटमध्ये होते आणि त्यांच्या गावात सुभेदार मेजर आला की हुक्क्याभोवतीची माणसे उठून उभी राहतात. लेफ्टनंटविषयी त्याचे मत असे : "वो तो छोरा-सा होवै सै." आम्ही त्याला समजावले की सुभेदार मेजर म्हणून कुणी थेट भरती होत नाही, त्याला शिपायापासून कित्येक वर्षांची नोकरी लागते. तो म्हणाला, मग काय, वेळ आहे. त्याच्या कागदावर शाळेच्या क्रॉस कंट्रीची गोष्ट होती. हा तिसरा धावत होता. सातवीतल्या एका मुलाच्या पोटात कळ आली आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. हा थांबला, त्याला पाणी दिले, त्याच्याबरोबर चालत आला आणि एकविसावा आला. सरांनी कारण विचारल्यावर म्हणाला, "सर, आज चालून बघितलं." कागद लिहिणाऱ्याने खाली जोडले होते : 'मी चौथा होतो. मला तो मुलगा दिसला नव्हता.' या अभ्यासातून याला एक नवी गोष्ट कळली. सैन्यात जवान म्हणून गेलेल्यांसाठीही अधिकारी होण्याचा रस्ता आहे, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून पुढे इंडियन मिलिटरी अकॅडमीत. त्यावर त्याचे म्हणणे, दोन्ही रस्ते लिहून ठेव, आजोबांना विचारतो.

तिसरी आमच्या वर्गातली कॅडेट. देशातल्या सगळ्या सैनिकी शाळांमध्ये २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश सुरू झाला, त्याच सुमारास ही सहावीत आली. ड्रिलच्या मैदानावर तिने 'सावधान' म्हटले की मेसच्या छपरावरची कबुतरे उडतात. तिला नौदलात जायचे आहे. ती महेंद्रगडची, समुद्र पाहिलेला नाही. मी महाराष्ट्रातला म्हणून समुद्राविषयीचे सगळे प्रश्न मला. मी साताऱ्याचा आहे, माझा आणि समुद्राचा संबंध कास तलावाइतकाच, हे तिला अजून पटलेले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नौदलाच्या दोन महिला अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए., 'तारिणी' या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २०२५ च्या मे अखेरीस गोव्याला परतल्या. तेवढे महिने हिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला जगाचा नकाशा होता. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला एन.डी.ए.तून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तिने आम्हा मुलांना पार्टी द्यायला लावली. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. तिच्याविषयी तिच्या मैत्रिणीने लिहिले होते : 'तिला पोहण्याच्या तलावातल्या खोल बाजूची भीती वाटते. कुणाला सांगत नाही. शनिवारी सगळे गेले की दहा मिनिटे त्या बाजूचा कठडा धरून पाण्यात उभी राहते.' हे छापू का म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "छाप. पण आता कठडा सुटलाय, तेही छाप." छापले.

चौथ्याविषयी लिहिणे थोडे नाजूक आहे. त्याला सैन्यात जायचेच नाही. त्याला हॉटेल काढायचे आहे. सैनिकी शाळेत हे म्हणणे म्हणजे आखाड्यात उभे राहून बुद्धिबळ आवडते म्हणण्यासारखे आहे. त्याचे वडील सैन्यात सुभेदार आहेत, त्यामुळे घरीही पंचाईत. एन.डी.ए.चा विषय निघाला की तो 'हो' म्हणून विषय बदलायचा. कागद लिहिणाऱ्याला हे काहीच ठाऊक नव्हते. त्याने लिहिले : 'आमच्या टेबलावर कोण किती पोळ्या खातो हे त्याला पाठ आहे. मला ताप होता त्या दिवशी मी दोन कमी खाल्ल्या, ते फक्त त्याच्या लक्षात आले आणि त्याने मला एम.आय. रूमला नेले.' त्यावर तिघे एकदम म्हणाले, हा तर आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस, सगळ्या फौजेला शिधा पुरवेल. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला : "पुरवीन, पण माझ्या हॉटेलातून." पाचवा परिच्छेद, 'मला कसे व्हायचे आहे', त्याने तिथेच बसून खरा लिहिला आणि पुढच्या रविवारी फोनवर वडिलांना वाचून दाखवला. वडील जरा वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारले, "जागा भाड्याची की स्वतःची?" विषय अजून संपलेला नाही, पण सुरू झाला आहे. हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची माहिती आता त्याच्या वहीत आहे. गणित त्याने सोडलेले नाही, कारण हिशेब हॉटेलातही लागतो.

न्याय म्हणून माझाही कागद सांगतो. 'हा एका प्रश्नाचे उत्तर द्यायच्या आधी चार प्रश्न विचारतो. झोपेत मराठीत बोलतो, त्यातले आम्हाला फक्त "चहा" कळते. कनिष्ठ मुले भूमिती घेऊन याच्याच खाटेवर बसतात.' मला पुढे काय व्हायचे ते मी आजवर दर सहामाहीला बदलले आहे. सैन्यात शिक्षणाची वेगळी शाखा आहे, आर्मी एज्युकेशन कोअर, हे मला माहीत होते. पण तिचा आणि माझ्या खाटेवरच्या गर्दीचा काही संबंध असू शकतो, हे त्या कागदामुळे सुचले.

आता मोठ्या उदाहरणाकडे वळू. मध्य प्रदेशातल्या रीवा येथील सैनिक शाळेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाचवीच्या वर्गात दोन मुले होती. एकाचा रोल नंबर ९३१, दुसऱ्याचा ९३८. २०२४ साली ३० एप्रिलला त्यांतले एक, ॲडमिरल दिनेश त्रिपाठी, नौदलप्रमुख झाले आणि ३० जूनला दुसरे, जनरल उपेंद्र द्विवेदी, लष्करप्रमुख झाले. एका शाळेतले दोन वर्गमित्र एकाच वेळी दोन सेनादलांचे प्रमुख होण्याची आपल्या देशातली ही पहिलीच वेळ. त्याआधी २०१९ च्या अखेरीस आणखी एक योग आला होता. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह आणि वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया हे दोघेही त्यांच्याच एन.डी.ए.च्या ५६ व्या कोर्समधले होते.

ही उदाहरणे आपल्याला भाषणांत नेहमी सांगतात आणि ऐकून छाती फुगते. पण गणितही करून पाहावे. एन.डी.ए.ची परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रत्येक वेळी जागा साधारण ४०० आणि अर्ज लाखांनी. रीवाच्या त्या वर्गातही दोनच बाके नव्हती. आपल्या वर्गातल्या सगळ्यांचे नाव गुणवत्ता यादीत येणार नाही, हे आपण सगळे मनातून जाणतो आणि कुणी बोलत नाही. अशा वेळी 'मी कोण आहे' याचे उत्तर फक्त 'एन.डी.ए.चा उमेदवार' एवढेच असेल, तर यादीत नाव न आलेल्या दिवशी ते उत्तर संपते. पोळ्या मोजणारा, थांबणारा, कठडा सोडणारी, आवाज ओळखणारा ही उत्तरे त्या दिवशीही शिल्लक राहतात. आणि एस.एस.बी.वाल्यांनाही गाइडमधल्या वाक्यापेक्षा हेच ऐकायचे असते, असे आमचे सर सांगतात.

हा अभ्यास करू इच्छिणाऱ्या कॅडेट्ससाठी काही सूचना. कागद चौघापाचांतच वाचा, सगळ्या हाउससमोर नको. ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्याविषयी लिहायला घेऊ नका, आधी भांडण मिटवा. लिहिलेले पटले नाही तर लगेच उलट उत्तर देऊ नका, दोन दिवस खिशात ठेवा. मग घड्याळ लावून १५ मिनिटांत पाचही परिच्छेद स्वतः लिहा. पहिल्या वेळी आमच्यापैकी कुणाचेही तीनच्या पुढे गेले नाहीत.

पालकांसाठी एक विनंती. पहिला परिच्छेद तुमचा आहे. पुढच्या रविवारी फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' याच्याआधी, आपल्या मुलाची किंवा मुलीची लहानपणची एखादी खरी घडलेली गोष्ट सांगा. विशेषण नको. आम्ही ती लिहून घेऊ.

आमचे कागद एका पाकिटात बंद करून हाउसच्या कपाटात ठेवले आहेत. वयाची साडेसोळा वर्षे झाली की एन.डी.ए.साठी पात्र होता येते, त्या सुमारास ते उघडायचे ठरले आहे. पाकिटावर हॉटेलवाल्याने लिहून ठेवले आहे, 'उघडताना भूक लागल्यास मला बोलवा.'