जुना कॅमेरा कपाटात मरतो

वसईतल्या सांडोर गावात माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत एखादा तरी फिल्मचा कॅमेरा पडून आहे. कुणाकडे बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री, कुणाकडे आखातातून आलेला याशिका. आपल्या आईवडिलांची लग्नं, पहिली कम्युनियन, चर्चचा सण हे सगळं अशाच कॅमेऱ्यांनी टिपलं. असे कॅमेरे मी जमवतो आणि चालते करतो. त्यातून पदरी पडलेलं हे शहाणपण.

१. बुरशी हा पहिला शत्रू. इथे समुद्र जवळ, भोवती वाड्या आणि बावखलं, म्हणजे छोटी तळी. पावसाळाभर हवा ओली असते. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते, मग पुसली तरी व्रण राहतो. चामड्याचं कव्हर दिसायला देखणं, पण ओल धरून ठेवतं. कॅमेरा त्यातून काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसतो.

२. घेताना चकाकीला भुलू नका. ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात गेलात तर खिशात छोटी टॉर्च असू द्या. भिंगातून उजेड पाडला की बुरशी लगेच दिसते. भात्याचा कॅमेरा असेल तर टॉर्च भात्याच्या आत धरा. कोपऱ्यांतून उजेडाचे ठिपके दिसले तर तो भाता गेला. मग शटर एक सेकंदावर लावून ऐका. ते रेंगाळत असेल तर आतलं वंगण सुकलंय. मागच्या झाकणाचा फोम वितळून काळा चिकटा झाला असेल, तर तेवढ्यासाठी कॅमेरा सोडू नका. चिकटा स्पिरिटने पुसून नवी पट्टी बसवता येते.

३. सेल्फ-टायमरला हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी अडतो तो हाच. तो मध्येच थांबला की बऱ्याचदा शटरही अडकून बसतं. फेड, झोर्कीसारखे रशियन कॅमेरे हाती आले तर आधी फिल्मची चावी फिरवा, मगच वेग बदला. क्रम उलटा झाला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

४. तेल हा उपाय नाही. शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. वरून तेलाचा थेंब टाकला की दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ बसून पाती एकमेकींना चिकटतात. लायटरच्या पेट्रोलने जुनं वंगण धुऊन काढणं हाच खरा इलाज. आग्फा आयसोलेटचं भिंग हटून बसलं असेल तर जोर लावू नका. आतलं हिरवं ग्रीस सुकून डिंक झालेलं असतं, ते आधी सैल करावं लागतं.

५. जपानी स्क्रूला जपानी पेचकस. त्यांच्या चौफुलीच्या खाचेत आपला नेहमीचा पेचकस नीट बसत नाही आणि स्क्रूचं डोकं झिजतं. जेआयएस मापाचा पेचकस घ्या. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. जोडताना स्मरणशक्तीच्या भरवशावर राहू नका.

६. सेल श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो. जुने प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल बंद झाले. साधा अल्कलाईन सेल १.५ व्होल्टचा, म्हणून मोजमाप चुकतं. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. तो आकाराने लहान असल्याने भोवती रबरी रिंग बसवली की काम भागतं. मापक मेलाच असेल तरी अडत नाही. कडक उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवा आणि फिल्म १०० ची असेल तर वेग १/१२५. कॅमेऱ्यावर १/१०० असेल तर तो घ्या.

७. चालवता येतील तेवढेच ठेवा. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात ४,४२५ कॅमेरे असल्याची नोंद गिनीज बुकात झाली होती. तो ध्यास वेगळा. माझा नियम साधा आहे: ज्याला हात लागणार नाही तो हौशी पोराला देऊन टाकायचा. रोल महाग झालेत हे खरं, पण महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर रिकामं शटर दाबायला पैसे पडत नाहीत. चालत्या कॅमेऱ्याचं वंगण सहसा आखडत नाही.

८. कॅमेऱ्याहून निगेटिव्ह मोलाची. जुन्या कॅमेऱ्याचं झाकण एकदम उघडू नका. रोल मागे गुंडाळायची चकती असेल तर आधी ती बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. ताण जाणवला तर आत रोल आहे. कृष्णधवल रोलवर कित्येक वर्षांनीही चेहरे उमटू शकतात. कोडाक्रोम या रंगीत रोलचं मात्र आता रंगीत काही होत नाही, तो धुणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस असे रोल घेणं थांबवलं.

तेव्हा भंगारवाल्याला कॅमेरा देण्याआधी एकदा आत रोल आहे का ते पाहा. निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून कोरड्या डब्यात ठेवा. आणि घरातली वडीलधारी आहेत तोवर जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या. कॅमेरा दुरुस्त करणारा शोधून सापडतो, फोटोतली माणसं ओळखणारा पुढे सापडणार नाही.