मुलीला भ्रूणतज्ज्ञ होऊ द्यावं का?

प्रश्न : मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतेय. तिला भ्रूणतज्ज्ञ व्हायचंय. या कामात मनावर फार ताण येतो म्हणतात. होकार द्यावा का? – एक आई, नांदुरा

उत्तर : ताई, ताण आहेच. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आणल्यावर १६ ते १८ तासांनी डिश सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. बीजात दोन इवलीशी केंद्रकं शेजारी-शेजारी दिसली, की फलन नीट झालं. कितीही वर्षं काम केलं तरी त्या क्षणाचा आनंद शिळा होत नाही. एकाही बीजात ती दिसली नाहीत, तर त्या जोडप्याला कळवावं लागतं. दागिने मोडून आलेली माणसं असतात ती. आपलं काही चुकलेलं नसतानाही तो दिवस जड जातो.

त्याहून मोठी धास्ती अदलाबदलीची. डिशवरचं नाव प्रत्येक टप्प्यावर दोघांनी पडताळायचं असतं. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी तिनं विचारावं : जोडीला दुसरा भ्रूणतज्ज्ञ आहे का? रविवारी कोण येतं? भ्रूणांची वाढ सुट्टी पाळत नाही.

कौतुक मात्र कमी वाट्याला येतं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घरोघरी पोचलं. त्यांच्यासोबतचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार किती जणांना ठाऊक आहेत? हे मला आजही खटकतं.

तिला आधी एखाद्या केंद्रात महिनाभर काम पाहू द्या. मग निर्णय तिचाच असू द्या.