गाडी दारात आली, आता टाकीचं बघू

बघ, दारात पिकअप उभी राहिली की अख्खी गल्ली इंजिनिअर होते. एक म्हणतो, नव्या गाडीत साधं पेट्रोल घालू नकोस, इंजिन बसेल. दुसरा म्हणतो, पहाटेच भर, थंड तेल जास्त मिळतं. तिसरा कानात सांगून जातो, पाचशेचं कधी नको, पाचशे दहाचं भर. आणि मग तू रात्री साडेअकराला मला विचारतेस, ‘ताई, नक्की काय भरू गं?’ डोकं भणभणणारच. पण खरं सांगू का, यातला मोठा निर्णय गाडी बनवणाऱ्यांनी आधीच घेऊन टाकलाय. तुझ्या हातात उरतं ते एवढंच, कुठं भरायचं, कसं भरून घ्यायचं आणि भरलेलं स्वच्छ कसं ठेवायचं. लग्नाच्या जेवणाची ऑर्डर एकटीच्या जिवावर काढतेस तू, हे काय जड आहे?

गाडी पेट्रोलची घेतलीस की डिझेलची, ते मात्र मेसेजमध्ये लिहायचं विसरलीस. म्हणून दोन्हीचं सांगते.

आधी खाली जा आणि टाकीचं झाकण उघड. झाकणावर नाहीतर आतल्या बाजूला इंधनाचं नाव असतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातही असतं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढ बाई. माझं पुस्तक बरेच दिवस भाजीच्या चिठ्ठ्या दाबून ठेवायच्या कामाचं होतं, तसं करू नकोस. छोटा हत्ती पेट्रोल, डिझेल, सीएनजी अशा सगळ्यांत मिळतो. बोलेरो पिकअप बहुतेक डिझेलची दिसते, पण सीएनजीचीही येते. सुपर कॅरी आता पेट्रोलची नाहीतर सीएनजीची. तिचं डिझेल इंजिन २०२० साली धुराचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा बंद झालं. म्हणजे बाहेरून जुळ्या बहिणी आणि पोटात भलतंच. पेट्रोल बंकवरचा मुलगा गाडीचं तोंड बघून नोझल उचलतो, घोळ होतो तो तिथंच. रेडियमवाल्याकडून झाकणाशेजारी ठळक अक्षरांत इंधनाचं नाव टाकून घे, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तरीही डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलंच, तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. किल्ली फिरवायची नाही. ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून सुद्धा नाही. डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोल आत गेलं की ते वंगण धुऊन जातं आणि धातूवर धातू घासायला लागतो. गाडी ढकलत बाजूला घे, मागचे किती का हॉर्न वाजवेनात. मेकॅनिकला बोलावून टाकी उपसून घे. टाकी उपसायचा खर्च त्या दिवशी टोचेल, पण इंजेक्टर गेले तर पुढचे कित्येक हप्ते टोचत राहतील.

आता पेट्रोलवाल्यांची मोठी काळजी, ई-२०. याची सुरुवात आपल्याच गावात झाली, माहीत आहे? ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत इंडिया एनर्जी वीक भरला होता, तिथं पंतप्रधानांनी ई-२० विक्रीला काढलं. तेव्हा देशभरात ८४ पंपांवरच मिळायचं. आता बंकवर ‘साधं पेट्रोल’ म्हटलंस की तेच मिळतं. शंभर भागांत वीस भाग इथेनॉल, उसाचं, मक्याचं, तांदळाचं. तुझं माहेर सांगलीकडचं, कारखान्याच्या डिस्टिलरीचा वास तुला काय सांगायचा!

त्यानं गाडी बिघडते का? सरसकट नाही. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत रबर, पाइप, वॉशर हे ई-२० सोसणारे घातलेले आहेत. तुझी त्यानंतरची असेल तर निवांत झोप. जुनी सेकंडहँड घेतली असशील तर पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिकला एवढंच सांग, ‘इंधनाचे रबरी पाइप आणि ओ-रिंग बघ, कडक झालेले, चिरलेले असतील तर बदल.’ हे भाग इंजिनाच्या मानानं स्वस्त असतात. गाडीखाली पेट्रोलचा वास यायला लागला तर सर्व्हिसची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ने.

अ‍ॅव्हरेज मात्र थोडं उतरतं, हे लपवून काय करायचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की जुन्या धाटणीच्या चारचाकीला ई-२० वर सहा-सात टक्के घट येईल, आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाडीला एक-दोन टक्के. म्हणजे लिटरला चौदा देणारी जुनी गाडी तेरावर आली तर ड्रायव्हरवर संशय घेऊ नकोस. दहावर आली तर घे, पण त्याबद्दल पुढं सांगते.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते ओलावा ओढतं, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाच्या बरणीसारखं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून गणपतीला महिनाभर गावी जाणार असशील तर टाकी भरून ठेव, पाव टाकीवर नको. आत हवा कमी राहिली की ओलही कमी. झाकणाचं रबर फाटलंय का तेही बघ. गाडी धुणारा पोरगा पाण्याचा पाइप नेमका तिथंच मारतो.

महागड्या पेट्रोलचं काय? पंच्याण्णव, सत्त्याण्णव, शंभर अशा आकड्यांच्या पाट्या बंकवर असतात. तो आकडा ऑक्टेनचा. इंजिनात दाब वाढला तरी पेट्रोल वेळेआधी पेटू नये, म्हणून जास्त दाबाच्या इंजिनांना जास्त आकडा लागतो. त्यानं ताकद वाढत नाही की इंजिन गोरंगोमटं होत नाही. तुझी पिकअप येशवंतपूरच्या यार्डातून कांदे-बटाटे आणायला आहे, शर्यतीला नाही. पुस्तकात साधं चालेल म्हटलंय ना, मग साधंच घाल. वरचे पैसे वेळेवर फिल्टर बदलायला ठेव. काउंटरवर मिळणाऱ्या त्या छोट्या बाटल्यांचंही तेच. एके काळी मीही त्या भक्तिभावानं ओतायचे. फरक पडला तो बाटलीवाल्याला.

पहाटेचं तेल आणि पाचशे दहाची कथा, दोन्ही सोडून दे. तेल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा फरक नसतो. आणि मशीन लिटर मोजतं, रुपये आखीव आहेत की तिरके हे त्याला कळत नाही. बघायचं ते वेगळंच. नोझल लावण्याआधी बंकवरचा मुलगा ‘झीरो नोडी’, म्हणजे झीरो बघा, म्हणतो ना, तेव्हा मोबाइलमधून मान वर काढून खरंच झीरो नोडायचं. गाडीतून खाली उतरायचं. भाव आणि लिटर दोन्ही आकडे बघायचे. पहिल्यांदा खट् करून नोझल थांबलं की बास. ‘अजून थोडं बसवतो मॅडम’ याला नको म्हणायचं. गळ्यापर्यंत भरलेलं तेल उन्हात फुगतं, सांडतं, आणि पेट्रोलच्या गाडीत वाफ अडवणाऱ्या डब्यात शिरून तो खराब करतं. टँकर खाली होताना दिसला तर पुढच्या बंकवर जा, तळातला गाळ हललेला असू शकतो. आणि बिल घ्यायचंच.

संशय आला तर मागायला लाजू नकोस गं. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. पेट्रोलसाठी फिल्टर पेपरही मागता येतो. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा; दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा, मागे डाग राहायला नको. डाग राहिला तर भेसळीची शंका. मी पहिल्यांदा कागद मागितला तेव्हा तिथल्या मुलानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची जन्मपत्रिका मागतेय. पण मॅनेजरनं ड्रॉवरमधून मुकाट काढून दिला.

भेसळ ही काही गमतीची गोष्ट नाही बरं. मंजुनाथ षण्मुगम हा आपल्या शेजारच्या कोलार गोल्ड फील्ड्सचा मुलगा. आयआयएम लखनौतून शिकून इंडियन ऑइलमध्ये अधिकारी झाला, आणि उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये त्याचा खून झाला. सत्तावीस वर्षांचा होता. आपण एक कागद मागायला संकोचतो तेव्हा मला तो पोरगा आठवतो.

डिझेलवाली असशील तर आता नीट ऐक. डिझेलचा मोठा शत्रू पाणी. फिल्टरच्या तळाशी पाणी साठायची जागा असते आणि ते जास्त झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा म्हणजे ‘पुढच्या महिन्यात बघू’ नव्हे. गॅरेजमध्ये खालचा स्क्रू सैल करून पाणी काढतात; एकदा शेजारी उभी राहून बघ, बाटलीत खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट दिसतात. ते पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं असतं, हे तिथंच लक्षात येतं. टाकी सारखी रिझर्व्हला लावायची सवयही मोड. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये तेल संपलं तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आणि मग नुसतं तेल ओतून गाडी चालू होईलच असं नाही. पाव टाकी उरली की भरायचं, असा नियमच करून टाक.

बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती गरम झाली की काजळी आपोआप जळते, पण तेवढी गरम व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. आपलं बेंगळुरू म्हणजे दिवसभर पहिला-दुसरा गिअर. त्यामुळे जाळी तुंबते आणि दिवा लागतो. तेव्हा घाबरून गाडी बंद करून ठेवू नकोस. पुस्तकात दिलेलं वाच आणि नेलमंगलाकडं मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात फिरवून आण. दिवा विझला नाही तर गॅरेज. टाकीशेजारी आणखी एक निळं झाकण असेल तर ते डीईएफचं, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्यात सीलबंद कॅनमधलंच घालायचं, आणि डिझेलच्या टाकीत ते चुकूनही नाही. ते संपू दिलंस तर गाडी मान टाकते.

सीएनजीची असेल तर दोनच गोष्टी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिही. आणि बरोबरच्या पेट्रोलच्या टाकीत थोडं पेट्रोल ठेवून अधूनमधून गाडी त्यावर चालव, नाहीतर ते शिळं होतं आणि नेमकं गरजेला दगा देतं.

पावसाचं सांगायलाच हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडवर, बेळ्ळंदूरकडं ट्रॅक्टरवरून लोक ऑफिसला गेले होते, आठवतंय ना? तशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर रॉड वाकतो. आणि मुसळधार पावसानंतर भरून निघाल्यावर थोड्याच अंतरात गाडी आचके द्यायला लागली तर त्याच बंकवर परत जा, बिल दाखव, तक्रारवही माग. तेवढ्यासाठीच म्हटलं, बिल घ्यायचंच.

आता ड्रायव्हरचं. तू दर वेळी बंकवर जाणार नाहीस, ते शक्यही नाही. म्हणून एकच बंक ठरव, गर्दीचा, जिथलं तेल रोज खपतं. प्रत्येक वेळी टाकी फुल करायची आणि किलोमीटरचा काटा आणि बिल अशा दोन्हींचा फोटो तुला पाठवायचा, हे पहिल्याच दिवशी सांग. संशय म्हणून नाही, पद्धत म्हणून. आज फुल, पुढच्या वेळी पुन्हा फुल. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. २६० किलोमीटर आणि २० लिटर, म्हणजे तेरा. पहिले एक-दोन आकडे वेडेवाकडे येतील, त्यावरून त्या बिचाऱ्याला झापू नकोस. चार-पाच वेळा भरल्यावर तुझ्या गाडीचा आकडा कळतो. तो एकदम पडला तर आधी टायरची हवा बघ, पंपावर ती फुकट असते. मग एअर फिल्टर, मग कुठं गळतंय का. तिथंही काही निघालं नाही, तरच ड्रायव्हरशी बोलायला बस, तेही चहा देऊन. चांगला ड्रायव्हर शोधायला तेलापेक्षा जास्त पैसे जातात बाई. आणि आता झोप, सकाळी झाकण उघडून काय लिहिलंय त्याचा फोटो पाठव मला.