वचन देवाचे, वेळही देवाची

आपण देवाजवळ काही मागतो आणि ते लवकर पदरात पडले नाही की मन कुरकुर करू लागते. ‘इतकी वर्षे एकादशी केली, गळ्यात माळ घातली, वारी चुकवली नाही, मग देव का हो ऐकत नाही?’ हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरात आजारपण आहे, ज्याचे उभे पीक गेले आहे, त्याला नुसते ‘श्रद्धा ठेवा’ म्हणून भागत नाही. म्हणून या पाठात आम्ही तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट, देवाने वचन दिले आहे ते कशाचे? अनन्यभावाने चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम आपण वाहतो, आणि आपला भक्त नाश पावत नाही, अशी ग्वाही भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात दिली आहे. पण अमुक महिन्यात, अमुक तिथीला काम होईल, असे तेथे कोठे म्हटले आहे? दुःख येणारच नाही, असेही म्हटलेले नाही. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात तुकोबांच्या घरची माणसे गेली, व्यवसाय बुडाला. देवाचे वचन खोटे झाले काय? नाही. त्याच तापातून वैराग्य आले, आणि आज घरोघर असलेली गाथा आली. आपण बहुधा आपली इच्छाच देवाचे वचन समजतो, आणि मग देवाला बोल लावतो.

दुसरी गोष्ट वेळेची. रोह्याकडच्या शेतकऱ्याला हे काय शिकवावे! हळवे भात वरच्या, कमी पाण्याच्या जमिनीत. ते लवकर तयार होते. गरवे भात सखल खाचरात. ते उशिरा पिकते. पाऊस दोघांवर एकच पडतो. शेजारचे हळवे कापणीला आले म्हणून कोणी आपल्या गरव्याला विळा लावील का? लावलाच तर हाती पोचट दाणा येईल. तसे शेजाऱ्याला लवकर मिळाले, आपल्याला नाही, म्हणून देव दुजाभाव करतो असे मानू नये. कोणाचे शेत हळवे, कोणाचे गरवे, हे पेरणाराच जाणतो.

तिसरी गोष्ट, वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी खारभूमी आहे. बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले की जमीन नासते. मग शेतकरी काय करतो? आधी बांध बांधतो. पुढे पावसाचे गोडे पाणी जमिनीतला खार धुऊन काढते. त्याला कधी एक, कधी अनेक पावसाळे लागतात. बांध घालणे माणसाचे काम, खार धुणे पावसाचे. बांधच घातला नाही, तर किती पाऊस पडून काय उपयोग? नामस्मरण, सदाचार, आजाऱ्याला औषधपाणी, कर्त्याचे कष्ट, हा आपला बांध. सावता महाराज अरणला मळ्यात राबत राहिले. हातातले काम त्यांनी भक्तीच्या आड येऊ दिले नाही. आषाढीला ज्यांची लावणी चालू असते आणि पंढरीला जाणे होत नाही, त्यांनी चिखलात उभे राहून नाम घ्यावे. ते पंढरीनाथाला पोचतेच.

शेवटी एवढेच ध्यानात घ्या. ‘आम्ही देवाची किती वाट पाहायची?’ असे आपण विचारतो. पण पंढरीत कोण कोणासाठी उभे आहे? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे केली, आणि देव त्या विटेवर कर कटीवर ठेवून उभा राहिला. ‘मला वेळ नाही’ असे म्हणाला नाही, की कंटाळून निघून गेला नाही. अठ्ठावीस युगे जो भक्तासाठी थांबतो, त्याच्यासाठी आपल्याला चार पावसाळे थांबवत नाहीत काय?

या महिन्यात रोज हरिपाठानंतर मनाला विचारावे : आज माझा बांध धड आहे ना? बाकीचे त्याच्यावर सोपवावे.

रामकृष्णहरि.