सिट्रोनेला तेलाचे विभाजन : रिफ्लक्स व बॉइल-अप यांचा मेळ

डासप्रतिबंधक म्हणून परिचित असलेले सिट्रोनेला तेल अनेक घटकांचे मिश्रण आहे. वातावरणीय दाबाला सिट्रोनेलाल सुमारे २०७, सिट्रोनेलॉल सुमारे २२५, तर जिरॅनिऑल सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. शेतावरील भट्टीत गवतापासून तेल मिळते. घटक वेगळे करण्यासाठी मात्र कमी दाबाखाली चालणारा ऊर्ध्वपातन स्तंभ लागतो. कमी दाबामुळे तेल कमी तापमानास उकळते व उष्णतेने बिघडत नाही.

शिखरावर थंड झालेल्या द्रवापैकी स्तंभात परत सोडलेला भाग व बाहेर काढलेला भाग यांचे प्रमाण म्हणजे रिफ्लक्स गुणोत्तर. तळाशी निर्माण होणारी वाफ व तळातून काढलेला द्रव यांचे प्रमाण म्हणजे बॉइल-अप गुणोत्तर.

समजा, उत्कलनबिंदूवरील ७० मोल तेल आत येते. वरून २० व तळातून ५० मोल काढले जातात. वरून ८० मोल परत सोडल्यास रिफ्लक्स ४ व बॉइल-अप सुमारे २ राहते. उत्पादन तेवढेच ठेवून रिफ्लक्स ६ केल्यास वाफ १०० वरून १४० मोलवर, तर बॉइल-अप २.८ वर जाते. उष्णतेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो.

वाफ प्रमाणाबाहेर वाढल्यास द्रव खाली उतरत नाही, स्तंभ तुंबतो आणि शुद्धता घसरते. म्हणून प्रारंभी पूर्ण रिफ्लक्स ठेवावा. शिखराचे तापमान स्थिरावल्यावरच उत्पादन काढावे.

सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल यांच्या उत्कलनबिंदूंत अंतर अल्प असल्याने त्यांचे विभाजन अधिक खर्चिक ठरते. वाढीव शुद्धतेचा दर इंधनखर्च भरून काढतो का, हे उत्पादक गटांनी स्तंभ घेण्यापूर्वीच तपासावे.